निनवेतील गुरेढोरे



विषयाची निवड चालकांनी माझ्यावरच सोपविल्यामुळे, आणि ती सोपविताना तीवर कोणतेही बंधन न घातल्यामुळे, मी कळविलेला विषय वाचून त्यांच्यापैकी एकदोघांच्या कपाळी आठी पडली असल्यास तिला सर्वस्वी मीच जबाबदार आहे. ज्या व्यासपीठावरून त्रैक्य, प्रायश्चित्त, मंडळीची एकता अशा गहन प्रश्नांचा ऊहापोह होत आला, तेथून मेलेल्या कुत्र्यामांजरांविषयी आणि म्हाताऱ्या बैलाविषयी बोलावे हे औचित्याला सोडून आहे, असे कोणास वाटले तर त्यात नवल नाही. परंतु ज्यांच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिलेले आहे त्या आमच्या दिवंगत आचार्यांचे आयुष्य खेड्यापाड्यांत गेले, आणि खेड्यातील घरात माणूस व जनावर पुष्कळदा एकाच भिंतीच्या दोन अंगांना नांदत असतात, ही गोष्ट त्यांना ग्रंथांतून शिकावी लागली नव्हती. तेव्हा त्यांच्या स्मृतीला तरी हा विषय परका वाटणार नाही, असा माझा भरवसा आहे.

हा प्रश्न पाळकाकडे कसा येतो, हे प्रथम पाहण्यासारखे आहे. उपासना संपते, दाराशी हात जोडून नमस्कार होतात, गर्दी ओसरते, आणि मग एखादी वृद्ध भगिनी चष्मा पुसत पुसत हळूच म्हणते, "पाळकसाहेब, हसू नका हं, पण आमचा मोत्या गेला." नवरा, भाऊ, मूल गेल्याचे सांगणारा कधी अगोदर माफी मागत नाही, मुक्या सोबत्याच्या मरणाचे दुःख सांगणारा मात्र ती मागितल्यावाचून तोंड उघडत नाही. आणि पाळक, तो सज्जन असला तरी, बहुधा दोहोंपैकी एक काहीतरी बोलून मोकळा होतो: एक तर "अहो, जनावरच ते, दुसरे आणा", नाही तर "काळजी करू नका, स्वर्गात भेटेल". पहिल्या उत्तरात दयेचा अभाव आहे आणि दुसऱ्यात आधाराचा. त्या भगिनीने स्वर्गाविषयी विचारलेलेच नसते. आपले रडणे देवापुढे नेण्याजोगे आहे की नाही, एवढेच तिला कळून घ्यावयाचे असते, आणि आज मला बोलावयाचे आहे ते मुख्यतः तेवढ्यापुरतेच.

मराठी ख्रिस्ती माणसाच्या ठायी या संकोचाला आणखी एक कारण आहे, आणि ते युरोपातील धर्मशास्त्र्यांच्या ग्रंथांत सापडावयाचे नाही. आपले पूर्वज ज्या समाजातून आले, त्या समाजात चौऱ्यांशी लक्ष योनींचा हिशेब अखंड चालू होता. काशीहून आणलेली गंगेची कावड तहानेल्या गाढवाच्या मुखी रिती करणारे एकनाथ आणि पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव त्या समाजाच्या ओठांवर होते. आणि जो जीव आज गोठ्यात आहे तोच काल माणसात होता वा उद्या असेल, या समजुतीमुळे जनावराच्या मरणावर तेथे आयते सांत्वन उपलब्ध होते. बाप्तिस्मा घेताना आपण पुनर्जन्म सोडला, आणि तो सोडणे प्राप्तच होते. परंतु त्याबरोबर जनावराचे नावही दप्तरातून खोडून टाकावे असा हुकूम आपल्याला कोणी दिलेला नव्हता. पोळ्याच्या दिवशी शेजारी आपल्या बैलाची शिंगे रंगवितो, पाठीवर झूल घालतो, त्याला पुरणपोळी चारतो; ख्रिस्ती शेतकरी बैलाची पूजा करीत नाही, आणि ती त्याने करू नये हे मलाही मान्य आहे. पण पूजा वगळल्यावर कृतज्ञतेला दुसरी जागा करून देण्याचे आपल्याला सुचले नाही, आणि कृतज्ञतेला जेथे जागा नाही तेथे शोकाला ती कोठून मिळणार? स्वर्गाच्या दाराशी श्वानावाचून आत पाऊल न टाकणारा युधिष्ठिर आपल्यांतील कित्येकांना मनातून अजून प्रिय आहे. मात्र तो श्वान अखेर प्रत्यक्ष धर्मच निघाला, त्यामुळे खऱ्याखुऱ्या कुत्र्याला आत घेतले असते की नाही हा मुद्दा महाभारतकारांनीही अनिर्णितच ठेवला, एवढे जाता जाता नमूद करतो.

आणि आपल्याच घरातील साक्ष आपण कोठे ठेवली आहे? रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता महाराष्ट्रातील मुलांच्या किती पिढ्यांनी डोळे पुसत पाठ केली असेल. घाव लागून कोसळणारी, पडत उठत घरट्यापर्यंत येणारी आणि पिलांपाशी प्राण सोडणारी ती पक्षीण ज्याने एकदा वाचली तो ती विसरत नाही. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीची भजने आपण दर रविवारी गातो. त्याची पक्षीण मात्र क्रमिक पुस्तकात राहिली, तिला मंदिरात कोणी आणले नाही.

आता प्रतिपक्षाचा पुरावा दाखल करून घेऊ, कारण तो क्षुल्लक नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ॲरिस्टॉटलच्या विचारसरणीस अनुसरून असे प्रतिपादिले की, प्राण्यांना जीव आहे, संवेदना आहे, वासना आहे. परंतु देहनिरपेक्ष असा बुद्धिव्यापार त्यांच्या ठायी नसल्यामुळे त्यांचा जीव देहाबरोबरच लयास जातो. गरसेकरांच्या प्रदेशात प्रभूने भुतांना डुकरांच्या कळपात जाऊ दिले आणि मार्काच्या सांगण्याप्रमाणे सुमारे २००० डुकरे कड्यावरून समुद्रात बुडाली. त्यावरून, पशूला मारू नये ही निव्वळ भोळी समजूत आहे, असा निष्कर्ष संत ऑगस्टीनने मानी पंथाशी वाद घालताना काढला. सर्वांत अडचणीचा साक्षीदार स्वतः प्रेषित पौल आहे. मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये या मोशेच्या नियमाचा दाखला देऊन, देवाला बैलांचीच चिंता आहे काय, असा प्रश्न तो करिंथकरांना टाकतो आणि तो नियम सुवार्तिकाच्या उपजीविकेस लावून मोकळा होतो.

हा पुरावा मी नाकारीत नाही. त्याची व्याप्ती मात्र तपासून पाहिली पाहिजे. अक्वायनसांनी जीवाच्या स्वरूपाचा निर्णय केला. पशूच्या धन्याने रडावे की रडू नये, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. नश्वर वस्तूसाठी अश्रू ढाळणे निषिद्ध असते तर मनुष्याच्या देहावर माती लोटतानाही आपल्याला कोरड्या डोळ्यांनी उभे राहावे लागले असते. डुकरांच्या कथेत एका पिसाट माणसाची सुटका हा विषय आहे, आणि तीवरून पशूंविषयी सामान्य कायदा काढणे मला तरी धाडसाचे वाटते, मग तो काढणारा ऑगस्टीन का असेना. पौलाचा रोख प्रचारकांच्या पोटापाण्यावर होता. शिवाय याच पौलाने रोमकरांस लिहिताना सारी सृष्टी प्रसूतिवेदनांनी कण्हत आहे आणि देवाच्या लेकरांच्या गौरवाची वाट पाहत आहे, असे सांगितले. तेथे त्याने सृष्टीतून बैलाला वगळल्याचे कोठे दिसत नाही.

परंतु माझा मुख्य आधार पौल नाही. तो आहे नाथान संदेष्टा. दावीद राजाने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला मारविले, तेव्हा नाथान दरबारात आला आणि त्याने एक फिर्याद सांगितली: एका धनिकापाशी पुष्कळ मेंढरे व गुरे होती, एका दरिद्र्यापाशी विकत घेतलेली एकच मेंढी होती, ती त्याच्या मुलांबरोबर वाढली, त्याच्या घासातला घास खाई, त्याच्या पेल्यातून पिई, त्याच्या उराशी निजे, आणि ती त्याला मुलीसारखी होती, धनिकाकडे पाहुणा आला तेव्हा त्याने आपली मेंढरे राखून गरिबाची ती मेंढी कापली. हे ऐकून दावीद संतापाने पेटला, त्या धनिकाला मरणदंडास पात्र ठरविता झाला, आणि मेंढीची चौपट भरपाई करविण्याचे फर्मान त्याने तेथल्या तेथे सोडले. पुढे नाथान बोट रोखून काय म्हणाला, ते रविवारच्या शाळेतील मुलालाही पाठ असते, आणि आपले सारे प्रवचनकार घाईघाईने तेथवर जाऊन पोहोचतात. मी आपल्याला क्षणभर अलीकडेच थांबावयास सांगतो. राजाचे झाकलेले पाप उघडे करण्यासाठी परमेश्वराच्या संदेष्ट्याला जी किल्ली सापडली, ती पाळलेल्या जनावरावरची माया होती. दावीद हा मूळचा मेंढपाळ; कोकरासाठी सिंहाच्या आणि अस्वलाच्या तोंडी हात घालणारा. व्यभिचाराने आणि रक्तपाताने बधिर झालेल्या त्याच्या अंतःकरणात एवढीच एक जागा जिवंत उरली आहे, हे नाथानाने हेरले. त्या मायेला जर पवित्र शास्त्र हास्यास्पद समजत असते, तर हा दाखला त्या दरबारात उभाच राहिला नसता. दृष्टांतातील तो दरिद्री मेंढीसाठी रडला की नाही, याविषयी नाथान एक अक्षर बोलत नाही. मला वाटते, ते सांगण्याची गरज त्याला भासली नाही.

योनाच्या ग्रंथाचा शेवट असाच आहे. निनवेच्या राजाने उपवासाचा हुकूम काढला तो माणसांपुरता ठेवला नाही. गुराढोरांनीही चरू नये, पाणी पिऊ नये, त्यांनाही गोणताट पांघरावे, असे त्या हुकमात होते. शहर वाचले म्हणून रुसून बसलेल्या योनाला परमेश्वर जे शेवटचे बोलतो, त्यात एक लाख वीस हजारांहून अधिक अजाण माणसांचा उल्लेख आहे आणि त्यांच्या मागोमाग पुष्कळशा गुराढोरांचा. तेथेच ग्रंथ संपतो. जगातील कोणता धर्मग्रंथ गुरांवर येऊन थांबत असेल! नोहाशी झालेला करार पाहा: तो पृथ्वीवरील प्रत्येक सजीवाशी आहे, हे त्या एकाच अध्यायात इतक्या वेळा सांगितले आहे की, दस्त लिहिणाऱ्या कारकुनालाही पक्षकारांची नावे पुन्हा पुन्हा घालण्याचा कंटाळा यावा. आणि दोन पैशांना विकल्या जाणाऱ्या पाच चिमण्यांपैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही, असे प्रभूने सांगितले. मनुष्याचे मोल चिमण्यांहून अधिक आहे हेही त्यानेच सांगितले, आणि तो दर्जा मी उलटा करू पाहत नाही.

उत्पत्तीच्या आरंभी मनुष्याला सृष्टीवर जी सत्ता मिळाली, तिचा अर्थ आपण फार काळ मालकीहक्क असा लावला. वास्तविक तो मुखत्यारनामा होता. त्याच अध्यायात मनुष्याला आणि पशूला अन्न म्हणून वनस्पतीच नेमून दिल्या आहेत. मांसाची मुभा जलप्रलयानंतर आली. मुखत्याराच्या हाती जे सोपविले जाते ते त्याचे नसते, आणि ते हातचे गेले म्हणजे ज्याचे त्याला वर्दी देणे हे त्याचे कर्तव्य ठरते. मोत्या गेल्याचे सांगावयास आलेली ती भगिनी तेच करीत होती.

आता एका कवीची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो. विल्यम कूपर हा अठराव्या शतकातील इंग्रज कवी; ओल्नी या गावी जॉन न्यूटनबरोबर त्याने रचलेली गीते १७७९ साली प्रसिद्ध झाली आणि आजही जगभर गाइली जातात. त्याला खिन्नतेचे भयंकर झटके येत, आणि त्यांपैकी एका झटक्यात आपण परमेश्वराकडून कायमचे त्यागले गेलो आहोत अशी त्याची खात्री झाली, ती पुढे मरेपर्यंत पुरती ढळली नाही. १७७४ च्या सुमारास शेजाऱ्याने त्याला एक ससा आणून दिला. मग तीन झाले, पस, टायनी आणि बेस. त्यांपैकी दोन नावे स्त्रीलिंगी असली तरी तिघेही नर होते, हे त्याने स्वतःच 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये खुलासेवार लिहून ठेवले आहे. पस मायाळू होता, आजारात केलेल्या शुश्रूषेबद्दल त्याचा हात चाटी. टायनी मात्र शेवटपर्यंत तिरसट राहिला, आणि कूपरने समाधिलेख लिहिला तो या तिरसट टायनीवर. पस १७८६ च्या मार्च महिन्यात, बारा वर्षांचा होण्यास एकच महिना उणा असता, भर दुपारी, केवळ वार्धक्याने आणि बहुधा वेदनेवाचून मरण पावला, असे टाचण कूपरने करून ठेवले होते. ते त्याच्या कागदपत्रांत सापडले. स्वतःला स्वर्ग कायमचा बंद झाला आहे असे मानणारा हा मनुष्य एका सशाच्या मरणाची वेळ काळजीपूर्वक टिपून ठेवतो. त्याच्या गीतांवर भाष्ये लिहिणाऱ्यांनी या टाचणाकडे फारसे पाहिलेले नाही. माझ्या मते त्या माणसाच्या श्रद्धेचा तो एक दाखला आहे, आणि त्याच्या काही गीतांहून तो मला अधिक विश्वसनीय वाटतो.

आशेविषयी मी थोडक्यात बोलणार आहे, कारण तेथे आपले ज्ञान थोडे आहे. जॉन वेस्ली यांचे बहुतेक आयुष्य घोड्याच्या पाठीवर गेले; त्यांनी १७८१ साली रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायावर लिहिलेल्या प्रवचनात पशूंनाही शेवटी मुक्ती मिळेल, इतकेच नव्हे तर त्यांना कदाचित आजच्याहून उंच पायरीवर चढविले जाईल, असा तर्क मांडला. सी. एस. लुइस यांनी १९४० च्या 'द प्रॉब्लेम ऑफ पेन' या ग्रंथात अधिक सावध भूमिका घेतली: पाळीव जनावराला धन्याच्या सहवासात एक प्रकारचे स्वत्व प्राप्त होते, म्हणून धन्याच्या अमरत्वात त्याचाही वाटा असू शकेल; आणि मग डासांचे काय, असे विचारणाऱ्यांना त्यांनी डासांचा स्वर्ग आणि माणसांचा नरक सोयीने एकाच ठिकाणी करता येईल, असे सुनावले. यावर इव्हलिन अंडरहिल या विदुषीने १९४१ च्या जानेवारीत त्यांना पत्र लिहून हरकत घेतली: आपण दुधाचे यंत्र करून टाकलेली गाय रानातल्या तिच्या पूर्वजांपेक्षा देवाच्या मनाला अधिक जवळची कशी? ही हरकत मला लुइस यांच्या युक्तिवादापेक्षा वजनदार वाटते. जो देव वाघाला आणि घारीला ओळखतो, त्याला मोत्याची ओळख आमच्या शिफारशीवाचूनही असेल.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. २०१४ च्या डिसेंबरात पोप फ्रान्सिस यांनी कुत्रा मेलेल्या एका मुलाला स्वर्गाचे आश्वासन दिल्याची बातमी मोठमोठ्या वृत्तपत्रांनी छापली आणि काही दिवसांतच ती मागे घेतली, कारण असा मुलगा त्यांना भेटलाच नव्हता. पुढल्या वर्षी निघालेल्या 'लाउदातो सी' या परिपत्रकाच्या अखेरीस मात्र, शाश्वत जीवनात प्रत्येक प्राणी रूपांतरित होऊन आपल्या स्थानी असेल, अशी आशा त्यांनी खरोखरच व्यक्त केली. सबब, खोट्या हवाल्याची गरज नाही. निश्चित वचन देण्याचा अधिकार आपल्यापाशी नाही, आणि निश्चित नकार देण्याचाही नाही.

या शोकाचे एक अंग असे आहे की, ते माणसाच्या मरणात सहसा येत नाही, आणि त्याविषयी मंडळीत मी कधी उच्चार ऐकलेला नाही. जनावराचे मरण पुष्कळदा आपल्या संमतीने होते. पशुवैद्य विचारतो, "आता सुई देऊन टाकू का?" आणि घरातील एकाला मान हलवावी लागते. दुष्काळात चारा संपतो, छावणी दूर असते, आणि ज्या बैलाने दहाबारा हंगाम ओढले त्याला बाजारची वाट दाखवावी लागते; विकून आलेला शेतकरी दोन दिवस दावणीकडे फिरकत नाही, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. अशा माणसाला सांत्वनापेक्षा पापकबुलीची आणि क्षमेची भूक असते. तो दोषी असतोच असे नाही. पण दोषाची भावना घेऊन तो येतो, आणि त्या भावनेचे काय करावे हे तर मंडळीला दोन हजार वर्षे ठाऊक आहे. तिला हसून वाटेला लावणे म्हणजे वैद्याने रोगी ओळखूनही दार लावून घेणे होय.

जिवंत जनावरांसाठी ख्रिस्ती लोकांनी काही केले नाही, असा आरोप मी करणार नाही. १८२४ साली लंडनच्या एका कॉफीगृहात प्राणिक्रौर्यनिवारक संस्था स्थापन झाली ती आर्थर ब्रूम या धर्मोपदेशकाच्या खटपटीने; गुलामगिरीविरुद्ध झगडणारे विल्यम विल्बरफोर्स त्या सभेस हजर होते, आणि पुढे संस्थेच्या कर्जापायी ब्रूमना तुरुंगही भोगावा लागला. मुंबईत अशी संस्था १८७४ मध्ये निघाली, आणि परळचे जनावरांचे रुग्णालय एका पारशी दात्याच्या औदार्याने उभे राहिले. जनावर जिवंत असेतोवर त्याच्यासाठी कायदा आहे, संस्था आहे, रुग्णालय आहे. रोममध्ये १७ जानेवारीस, संत अँथनीच्या सणाला, आणि अनेक देशांत ४ ऑक्टोबरला, संत फ्रान्सिसच्या दिवशी, त्याला आशीर्वादही मिळतो. ते मेल्यावर मात्र त्याच्या धन्यासाठी आपल्यापाशी एकही शब्द नसतो. अल्बर्ट श्वाइत्झर लहानपणी, आई निजवून गेल्यानंतर, सर्व जिवंत प्राण्यांसाठी आपली वेगळी प्रार्थना म्हणत, कारण घरच्या प्रार्थनेत फक्त माणसे होती. त्या मुलाने जी उणीव ओळखली ती आपण अजून भरून काढलेली नाही. अमेरिकेतील एपिस्कोपल मंडळीने २०१२ साली पाळीव प्राण्यांच्या आजारपणासाठी आणि मरणासाठी प्रार्थना मान्य केल्या. त्या जशाच्या तशा उचलाव्यात असे मी म्हणत नाही. दफनविधीची नक्कल करणारा थाटमाट आपल्या लोकांना शोभणार नाही, आणि मुलाच्या कबरीशेजारी उभ्या असलेल्या आईला तो बोचेल.

माझी मागणी फार लहान आहे. ज्या पाळकबंधूंपर्यंत हे व्याख्यान छापील स्वरूपात पोहोचेल, त्यांनी असा शोक घेऊन कोणी आल्यास आधी त्या जनावराचे नाव विचारावे, मग त्या माणसाबरोबर खाली बसून ते नाव घेऊन परमेश्वराचे आभार मानावेत, क्षमा मागावयाची असेल तर ती मागू द्यावी, आणि स्वर्गाविषयी विचारणा झाल्यास जेवढे शास्त्रात आहे तेवढेच सांगावे. आणि आपल्या मराठी उपासनापुस्तकाची नवी आवृत्ती जेव्हा केव्हा निघेल, तेव्हा तीत हंगामाच्या उपकारस्तुतीच्या पाठोपाठ, मुका सोबती गमावलेल्या घरासाठी दहाबारा ओळींची एक प्रार्थना समाविष्ट करावी. तसा ठराव मांडण्याचा अधिकार पाहुण्या व्याख्यात्याला नाही. अध्यक्षमहाराजांना तो आहे, आणि पुढील वार्षिक सभेत त्यांनी तो वापरावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.